‘अन’ आणि ‘डिस’च्या धास्तीनं बढती नाकारू का?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक ३१ वर्षांच्या आहेत, पुण्याजवळच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागात सहा वर्षं काम करतात. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. दर महिन्याचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या वहीतल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं, त्यांच्याकडे असतं आणि हिशेबात त्यांची चूक सहसा निघत नाही. पण इंग्रजी शब्दांपुढे लागणाऱ्या ‘अन’, ‘इन’, ‘डिस’, ‘मिस’ यांनी त्यांना हैराण केलं आहे. गेल्या वर्षी ऑडिट रिपोर्टात ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ असं वाचून त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, ‘ऑडिटरनं आपल्याला नापास केलंय.’ सगळे हसले. पुढे माल पुरवणाऱ्यांची निवड करणाऱ्या समितीसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं. आपल्याला त्यात रस नाही हे कळवायला त्यांनी मेलमध्ये ‘डिसइंटरेस्टेड’ लिहिलं. साहेबांनी त्याचा अर्थ ‘निःपक्षपाती’ असा घेतला आणि त्यांनाच समितीत घातलं. तेव्हापासून त्या असे शब्द टाळतात, सगळीकडे ‘नॉट’ लावून भागवतात. आता त्यांना वरची जागा देऊ केली आहे. तिथे ग्राहकांना, बँकेला, ऑडिटरला रोज इंग्रजीत लिहावं लागेल. नवरा म्हणतो पाचशे विरुद्धार्थी शब्दांची यादी पाठ कर, भाऊ म्हणतो क्लास लाव. त्या विचारतात, ‘पुढे काय लागलं की अर्थ कसा बदलतो, याचा एक नियम असेलच ना? तो आमच्या शाळेत शिकवलाच नाही. आता हे जमायचं वय गेलं का? बढती नाकारू का?’

प्रिय मैत्रीण,

बँक रिकन्सिलिएशनचा उल्लेख तुम्ही सहज करून गेलात, पण मी तिथूनच सुरुवात करते. आपण दिलेला चेक समोरच्यानं अजून बँकेत भरलाच नसेल तर तुम्ही त्याला ‘अनप्रेझेंटेड’ म्हणता. ग्राहकानं दिलेला चेक आपण भरला आणि बँकेनं परत पाठवला तर ‘डिसऑनर्ड’. या दोन चेकमध्ये तुमची कधी गल्लत झाली आहे का? झाली नसणार. पहिल्यात अजून काही घडलेलंच नाही, नुसती वाट बघायची. दुसऱ्यात घडलं आहे आणि वाईट घडलं आहे. लोकांना फोन करावे लागतात, वेळ आली तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ काढावं लागतं. एखादी गोष्ट नुसती ‘नसणं’ आणि ती ‘मोडणं’ किंवा ‘नाकारली जाणं’ यांतला फरक तुम्ही सहा वर्षं वापरत आला आहात. तो व्याकरणाच्या तासाला शिकलेला नाही, कामातून आलेला आहे. म्हणूनच तो पक्का बसला आहे.

तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे, तिच्याकडे आधी बघू. शब्दापुढे ‘अन’ किंवा ‘डिस’ लागलं की शब्द उलटा होतो, असं तुम्ही धरून चालता. ही समजूत आपल्या सगळ्यांचीच असते. शाळेत ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाला दोन रकाने असतात, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा उलटा. प्रत्यक्ष भाषेत इतकं सरळ काही नसतं. मराठीतच बघा. ‘प्रसिद्ध’ नसलेला माणूस ‘अप्रसिद्ध’. पण ‘कुप्रसिद्ध’ माणसाला सगळा गाव ओळखतो. इंग्रजीत ‘फेमस’ला ‘इन’ लावून जो ‘इन्फेमस’ होतो, तो आपला कुप्रसिद्ध आहे, अप्रसिद्ध नव्हे. यादीत मात्र तो ‘फेमस’चा उलटा म्हणून छापलेला असतो आणि पाठ करणारा फसतो.

आता ‘अनक्वालिफाइड’. तुम्ही ‘क्वालिफाइड’ म्हणजे ‘पात्र’ असं धरलंत. तो अर्थ खोटा नाही, शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या बाबतीत तोच लागू होतो. पण ‘क्वालिफाय’ या क्रियापदाचा दुसराही एक जुना अर्थ आहे : विधानाला मर्यादा घालणं, ‘हे खरं, पण अमुक बाब सोडून’ असं म्हणणं. क्वालिफाइड मत देणारा ऑडिटर आपल्या परिच्छेदात ‘एक्सेप्ट फॉर’ असं लिहितो, ते हेच. अनक्वालिफाइड मतात असा ‘पण’ कुठेच नसतो. म्हणजे हिशेब स्वच्छ. उपसर्ग तुम्ही बरोबर वाचला होतात. गडबड झाली ती मूळ शब्दाच्या दोन अर्थांपैकी कुठला घ्यायचा यात.

आणि हे नीट ऐका : या शब्दानं फसणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आपल्याकडच्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेनं काढलेल्या ऑडिटिंग स्टँडर्डमध्ये, एसए ७०० मध्ये, आता स्वच्छ मताला ‘अनमॉडिफाइड’ म्हणतात. बोलण्यात जुना शब्द टिकून आहे एवढंच. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्याकडेही असंच झालं आहे. रस्त्यावरच्या पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यातला ‘इन’ नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये ‘आत’ असा अर्थ देणारा आणखी एक ‘इन’ आहे, तो इथे आहे. शब्दाचा अर्थ ‘पेट घेणारं’. पण तो ‘न पेटणारं’ असा वाचला जाईल आणि कुणाचा तरी जीव जाईल, या भीतीनं १९२०च्या दशकात अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी आग्रह धरला की पाट्यांवर नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा. दोन्हींचा अर्थ एकच. वाचणारे सगळे अडाणी आहेत, असं त्यांनी म्हटलं नाही. शब्द घोटाळ्याचा आहे हे मान्य केलं आणि शब्दच बदलला. तेव्हा मीटिंगमध्ये जे हसले त्यांचं मी काही कौतुक करणार नाही. त्यांतल्या किती जणांना ‘क्वालिफाइड’चा दुसरा अर्थ सांगता आला असता, याची मला शंका आहे. ज्यांना येत होता त्यांनी तो दोन वाक्यांत सांगायला हवा होता. सहकाऱ्याला हसून गप्प बसवणं हा त्या खोलीतला खरा दोष होता.

हा ‘आत’वाला ‘इन’ आणखीही बऱ्याच शब्दांत दबा धरून बसलेला असतो. ‘इनहॅबिटेड’ बेट म्हणजे वस्ती असलेलं बेट. वस्ती नसेल तर त्यापुढे आणखी एक ‘अन’ लावावा लागतो. तसंच ‘डिस’नं सुरू होणारा प्रत्येक शब्द नकाराचा नसतो. ‘डिस्ट्रिब्यूट’, ‘डिस्बर्स’ यांत ‘डिस’चा अर्थ ‘वेगवेगळं करणं, दूर देणं’ असा आहे. कर्ज ‘डिस्बर्स’ झालं की पैसे मिळतात, हे तुम्हाला सांगायला नको.

‘डिसइंटरेस्टेड’बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे चूक झाली आणि तिचे परिणाम तुम्हाला भोगावे लागले. ‘इंटरेस्ट’चे दोन अर्थ तुम्हाला माहीत आहेत, रस आणि हितसंबंध. (तिसरा, व्याज, तर तुमच्या रोजच्या कामातलाच.) आजच्या काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा, तटस्थ. कोर्टात साक्षीदाराला ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणतात ते कौतुकानं. तुमच्या साहेबांनी घेतलेला अर्थ चुकीचा नव्हता. पण याचा इतिहास बघितला तर सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द आजच्या नेमक्या उलट अर्थानंही वापरलेले सापडतात. आजही इंग्रजीभाषक लोक ‘डिसइंटरेस्टेड’ हा ‘रस नसलेला’ या अर्थी सर्रास वापरतात आणि त्यावरून वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे. कामाच्या पत्रात हा शब्द वापरूच नका, बरोबर येत असला तरी. रस नसेल तर ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहा, हितसंबंध नसेल तर ‘नो पर्सनल इंटरेस्ट’. ज्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्यावर अवलंबून आहे, तो पैशाच्या आणि निवडीच्या व्यवहारात धोक्याचा.

इथे तुम्ही विचाराल की मग मी सगळीकडे ‘नॉट’ लावते त्यात काय वाईट? अडलं तर वाईट काहीच नाही. सरळ ‘नॉट’नं अर्थ पोचत असेल तर तो पोचवावा. पण प्रत्येक वेळी तो चालत नाही. ‘मी सुखी नाही’ आणि ‘मी दुःखी आहे’ यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असते, माणसं वर्षानुवर्षं त्या जागेत राहतात. इंग्रजीत ‘नॉट हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ यांच्यातही तेवढीच जागा आहे. दुसरं म्हणजे तुमच्या कामातले काही शब्द ठरलेले आहेत, त्यांना पर्याय नाही. ‘अनसिक्युअर्ड लोन’ म्हणजे तारण नसलेलं कर्ज. त्याला तुम्ही ‘नॉट सिक्युअर’ किंवा ‘इनसिक्युअर’ म्हटलंत तर तो दुसराच शब्द झाला. असुरक्षित वाटणाऱ्या मनाचं वर्णन करायला तो वापरतात. ‘अनक्लिअर’ म्हणजे अस्पष्ट, ‘अनक्लिअर्ड’ म्हणजे अजून न वटलेला. ‘अनअर्न्ड रेव्हेन्यू’ ऐकायला लुबाडलेल्या पैशासारखा वाटतो. खरं तर ती ग्राहकाकडून आलेली आगाऊ रक्कम, काम व्हायचं बाकी असतं म्हणून ती ताळेबंदात देणं म्हणून दिसते. बँकेचं ‘इनऑपरेटिव्ह’ खातं म्हणजे बंद केलेलं खातं नव्हे. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं व्यवहार केला नाही की ते तसं होतं, आणि केवायसी देऊन पुन्हा सुरू करता येतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर त्यातली रक्कम ‘अनक्लेम्ड’ ठरून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरीही हक्कदाराला ती मागता येते. या शब्दांमागे पैसा, हक्क आणि मुदती आहेत. इथे ‘नॉट’नं भागत नाही.

मग नियम आहे का? एक नाही. पण सवयी आहेत, आणि त्या तुम्हाला मराठीतून आधीच ठाऊक आहेत. ‘नॉन’ घ्या. हा सगळ्यांत थंड डोक्याचा. चांगलं-वाईट काही म्हणत नाही, अमुक गटाबाहेरचं आहे एवढंच सांगतो. आपला ‘बिगर’ तसाच. बिगरशेती जमीन म्हणजे वाईट जमीन नाही, शेतीच्या वर्गातली नाही इतकंच. नॉन-क्रीमीलेयर दाखला काढताना आपण हेच सांगत असतो. त्याच्या शेजारी ‘इन’ ठेवा. ‘नॉन-ह्युमन’ म्हणजे मानवेतर, जसं गाय, चिमणी, यंत्र. ‘इनह्युमन’ म्हणजे अमानुष. मराठीनं दोन वेगळे शब्द केले आहेत, कारण गोष्टी वेगळ्या आहेत. ‘मिस’ म्हणजे चुकीचं किंवा वाईट तऱ्हेनं केलेलं. मिसयूज म्हणजे गैरवापर, मिसअंडरस्टँडिंग म्हणजे गैरसमज. तेव्हा ‘अनयूज्ड’ यंत्र कोरं असतं, ‘मिसयूज्ड’ यंत्र बिचारं झिजलेलं असतं, आणि ‘डिसयूज’मध्ये गेलेलं यंत्र एके काळी वापरात होतं, आता धूळ खात आहे. तिन्ही तुमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये असतील. तसंच ‘अनऑर्गनाइज्ड’ कामगार म्हणजे असंघटित, २००८चा त्यांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा याच नावाचा होता. त्यांना ‘डिसऑर्गनाइज्ड’ म्हटलंत तर ‘विस्कळीत’ म्हटल्यासारखं होईल, आणि तो अपमान ठरेल.

क्रियापदापुढे आलेला ‘अन’ मात्र वेगळा आहे, मुळातच वेगळ्या घराण्यातला. अनलॉक, अनडू, अनइन्स्टॉल. इथे ‘नाही’ म्हणायचं नसतं, झालेली गोष्ट मागे फिरवायची असते. दोन्ही ‘अन’ दिसायला सारखे झाल्यामुळे ‘अनलॉकेबल’ दरवाजा म्हणजे कुलूप न लागणारा की कुलूप उघडता येणारा, हे संदर्भ बघितल्याशिवाय इंग्रजांनाही सांगता येत नाही.

मराठी माध्यमामुळे मागे पडले, असं तुम्ही पत्रात तीन ठिकाणी सुचवलं आहे. मला ते पटत नाही, आणि केवळ तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. आपण ‘न्याय’चा ‘अन्याय’ करतो, पण ‘आदर’चा ‘अनादर’ आणि ‘एक’चे ‘अनेक’. व्यंजनापुढे ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’. ग्रीकमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांत हीच व्यवस्था आहे. २०२०मध्ये घराघरात पोचलेला ‘एसिम्प्टोमॅटिक’ आणि अराजकासाठीचा ‘अॅनार्की’ शेजारी ठेवून बघा. लॅटिनचा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो : इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. आपला ‘निस्’ही तसाच निर्दोष, निष्कारण, निश्चिंत होत जातो. आणि हा योगायोग नाही. संस्कृतचा अ-अन्, ग्रीकचा अ-अन्, लॅटिनचा नकारार्थी इन् आणि इंग्रजीचा स्वतःचा नकारार्थी अन हे एकाच प्राचीन उपसर्गाचे वंशज आहेत, हे भाषाशास्त्रात मान्य झालेलं आहे. तुमच्या शाळेनं संधी आणि उपसर्ग शिकवले असतील. तो पाया इंग्रजीला उपयोगी आहे, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता यादी की क्लास. पाचशे शब्दांची यादी पाठ करू नका. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांना ती लागते, त्यांनी जरूर करावी, पण प्रत्येक शब्दासोबत एक वाक्यही लिहावं, म्हणजे ‘इन्फेमस’सारखे शब्द फसवणार नाहीत. तुम्हाला पाचशे शब्दांची गरजच नाही. गेल्या सहा महिन्यांतले तुमच्या विभागाचे मेल, बँकेची पत्रं, दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट काढा आणि त्यांतले असे शब्द एका वहीत उतरवा. माझा अंदाज आहे की साठ-सत्तरच्या वर जाणार नाहीत. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य. शब्दकोशात बघताना मूळ शब्द बघून पुढे ‘नाही’ जोडू नका, उपसर्गासकट अख्खा शब्द शोधा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे कोश मोबाइलवर फुकट बघता येतात, त्यांतली उदाहरणाची वाक्यं व्याख्येपेक्षा जास्त कामाची असतात. क्लासला माझा विरोध नाही. बोलण्याची भीड जायला तो बरा. पण तुमची अडचण बोलण्याची नाही, ठरावीक शब्दांची आहे, आणि तुमच्या कामातले शब्द बाहेरच्या क्लासमध्ये क्वचितच शिकवतात.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. दवाखान्यातल्या रिपोर्टवर हे शब्द आले की माणसाची झोप उडते. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या अहवालात ‘अनरिमार्केबल’ असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. नोंद करावी असं वावगं काही दिसलं नाही, असा त्याचा अर्थ. ‘एफेब्राइल’ म्हणजे ताप नाही. तरीही अहवालाचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा, आणि विचारताना संकोच करू नका.

बढती घ्या, असं मला वाटतं. वयाचा प्रश्नच नाही. ३१व्या वर्षी नवे शब्द सहज बसतात, आणि कामातून आलेले तर लवकरच बसतात. पण डोळे झाकून होकार देऊ नका. साहेबांशी समोरासमोर बोला. पहिले तीन महिने बँकेला आणि ऑडिटरला जाणारं पत्र पाठवण्याआधी एका वरिष्ठानं नजरेखालून घालावं, एवढी एकच सवलत मागा. नव्या जागेवर येणाऱ्या कुणालाही ती मागता येते, त्यात कमीपणा नाही. विभागातल्या जुन्या पत्रांची फाइल स्वतःकडे ठेवा, निम्मी पत्रं त्याच साच्यातली असतात. पत्रात शंकेचा शब्द आला तर तो काढून अर्थ सरळ लिहा. ‘अनक्वालिफाइड’ऐवजी ‘ऑडिटरनं कुठलाही आक्षेप नोंदवलेला नाही’ असं लिहिलं तर वाचणारा उलट आभारच मानेल.

आणि ज्या मीटिंगमध्ये तुम्हाला हसले, तिथे यंदाचा ऑडिट रिपोर्ट येईल तेव्हा तो तुम्ही वाचून दाखवा. मत कोणत्या प्रकारचं आहे, ‘एक्सेप्ट फॉर’ कुठे आहे का, असेल तर कोणत्या रकमेबद्दल, हे मराठीत सांगा. मराठीतच सांगा, कारण त्या खोलीत असे आणखी दोघं-तिघं नक्की असतील ज्यांना तो शब्द कळलेला नाही आणि गेल्या वर्षी ते बाकीच्यांबरोबर हसले होते. साहेबांना उत्तर द्यायची मुदत याच महिन्याची आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तेव्हा वही आजच करायला घ्या, आणि सोमवारी त्यांची वेळ मागा.